बेचाळीस पाकिटं

लिफ्टच्या मिस्त्रीइतके जिने जगात दुसरं कुणी चढत नसेल. जरा विचार करून बघा. जिथली लिफ्ट चालू आहे तिथे त्याला कशाला कुणी बोलावतंय? जिथे बोलावतात तिथली हमखास बंद, आणि तिची मोटर, दोर, ब्रेक हे सगळं गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. म्हणजे लोकांना चढावं लागू नये म्हणून हा गडी जन्मभर चढणार. आमचे मिस्त्री असे सत्तावीस वर्षं चढत होते. एवढ्या चढण्याने माणूस कसा काटक व्हायला हवा, पण मिस्त्रींचा झाला होता जुना भाता. एक मजला झाला की फुसफुस, दुसरा झाला की खोकला. याला कारण रोजच्या बारा सिगारेटी. कंपनीच्या साहेबांचा फोन आला त्या दिवशी पंधरा.

मिस्त्रींच्या ताब्यात बेचाळीस इमारती होत्या. दर तीन महिन्यांनी प्रत्येक लिफ्टची तपासणी असायची, त्यासाठी मिस्त्री ऐटीत लिफ्टनेच वर जायचे. मशीन रूमचं दार आतून लावायचं, मोटरला तेलपाणी करायचं आणि मग उलट्या खोक्यावर बसून निवांत एक पेटवायची. डोक्यावर ‘धूम्रपान सक्त मनाई’ची पाटी, तीही त्यांनीच चार स्क्रू मारून पक्की केलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! खिशात पाकीट ठेवायची सोय नव्हती, कारण बायको खिसे बघायची. म्हणून मिस्त्रींनी एक युक्ती काढली होती. प्रत्येक मशीन रूममध्ये विजेचं एक मोठं पॅनेल असतं, त्याच्या मागच्या फटीत एकेक पाकीट आणि काड्यापेटी. बेचाळीस इमारती, बेचाळीस पाकिटं. खिसा रिकामा, तोंडात लवंग, चेहरा साधूचा.

बायको मात्र काही काल जन्मलेली नव्हती. ती धुलाईच्या दुकानात काउंटरवर बसायची. लोकांच्या कोटावरचा डाग शाईचा की सॉसचा हे वासावरून सांगण्यात तिची हयात गेली होती. नवऱ्याच्या शर्टाला कसला वास येतो हे तिला कळत नसेल? पण सांगून थकली होती बिचारी.

"अहो, सकाळी अर्धा तास चालून या."

"वेळ कुठाय?"

"निदान डबा तरी बसून जेवा. उभ्याउभ्या काय गिळता?"

"अगं, वेळ कुठाय!"

एकदा तिने भाजीवाल्याच्या पिशवीवरच हिशेब मांडून दाखवला. एक सिगारेट म्हणजे जागा शोधणं, बसणं, ओढणं, लवंग चघळणं धरून आठ मिनिटं. अशा बारा. "म्हणजे दीड तासाला वर सहा मिनिटं," ती म्हणाली. "एवढ्या वेळात मी दुसरं लग्न उरकून आले असते." मिस्त्रींनी पिशवी घडी करून कपाटात ठेवली आणि विषय बदलला. हसण्यावारी नेण्याची कला त्यांना उपजतच होती.

पण एक दिवस ते हसणंही गळ्यात अडकलं.

शहराच्या टोकाला एक नऊ मजली जुनी इमारत होती. तिच्या सातव्या मजल्यावर गणिताच्या एक निवृत्त बाई एकट्या राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे संपावर, जीभ आणि डोकं मात्र पूर्ण पगारावर. रोज सकाळी सात वाजता लिफ्टने खाली यायचं, समोरच्या बागेतल्या हिरव्या बाकावर दोन मैत्रिणींबरोबर तासभर बसायचं आणि जगाच्या चुका काढायच्या, हा त्यांचा नेम. त्या दिवशी त्या खाली निघाल्या आणि पाचव्या मजल्याच्या जरा खाली लिफ्ट बंद पडली. आतला दिवाही गेला. वॉचमनने फोन केला, मिस्त्री जवळच होते, तडक आले. आल्या आल्या खालूनच ओरडले, "बाई, घाबरू नका, हा बघा आलोच वर!"

आलोच म्हणाले, पण पोचायला अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबले. पाचव्यावर पायरीवर बसले. सातव्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले. नवव्याच्या वर मशीन रूमच्या दारात पोचले तेव्हा किल्ली भोकात जाईना. मग विजेचा मेन स्विच बंद करून त्यांनी एका हाताने ब्रेक सैल केला, दुसऱ्या हाताने मोटरचं चाक फिरवून लिफ्ट पाचव्याला आणून लावली, आणि चार मजले उतरून दार उघडलं.

बाई आत जमिनीवर बसल्या होत्या. काठी मांडीवर, चेहरा पांढराफटक. मिस्त्रींनी हात दिला तो त्यांनी धरला, पण उठल्या नाहीत.

"तुम्ही तिसऱ्यावर थांबलात," बाई म्हणाल्या. "मग पाचव्यावर बसलात, अगदी माझ्या डोक्यावर. सातव्यावर तर असा खोकलात की मला वाटलं, आता तुम्हालाच सोडवायला कुणीतरी यावं लागणार."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"या बोगद्यात सगळं ऐकू येतं. मी अंधारात तुमचा श्वास ऐकत बसले होते. माझी भीती राहिली बाजूला, तुमचीच वाटायला लागली." मग त्या काठीवर भार देऊन उठल्या. "मिस्त्री, रागावू नका. पण लिफ्ट पुन्हा अडकली तर वर पोचणारा माणूस आहे, अशी खात्री पटेपर्यंत मी काही तिच्यात पाऊल टाकणार नाही."

दोन मजले चढून घरी जायला त्यांना अर्धा तास लागला. मिस्त्री मागून चालत होते. बाईंनी आपला शब्द पाळला. त्या दिवसापासून त्या सातव्या मजल्यावरून खाली उतरल्या नाहीत.

मिस्त्रींना हे फार लागलं. साहेबांनी झापलं असतं तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. पण म्हाताऱ्या बाईची सकाळ आपण हिरावून घेतली, ती बाग, तो बाक, त्या मैत्रिणी, हे त्यांना खाऊ लागलं. गंमत बघा, त्याच दिवशी लिफ्ट दुरुस्त करायला पुन्हा वर गेले तेव्हा मन शांत करायला म्हणून पॅनेलमागचं पाकीट काढून त्यांनी दोन ओढल्याही! माणूस असाच असतो. ज्या दगडाला ठेच लागली त्याच्यावरच बसून अंगठा चोळतो.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून, घरच्यासाठी चोरून ठेवलेलं एक पाकीट काढलं आणि बायकोसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकलं. "संपलं," म्हणाले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सहामजली इमारतीत तपासणीला गेले, पॅनेलमागे हात घातला आणि पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बायकोने शर्ट नाकाशी धरला आणि नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्री खाली बसले.

"अगं, एक फेकलं," ते म्हणाले, "पण गावभर बेचाळीस आहेत."

सगळी हकिकत ऐकून बायको अशी हसत सुटली की शेजारीण विचारायला आली. हसून झाल्यावर तिने एक कोरा कागद घेतला, बेचाळीस इमारतींची नावं तपासणीच्या क्रमाने लिहून घेतली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. "जिथे जाल तिथलं पाकीट उचलून आणायचं. इथे माझ्या हातात द्यायचं. मी फुली मारीन." बाईंची इमारत नुकतीच होऊन गेली होती, म्हणून ती यादीत सगळ्यात शेवटी आली.

ऐकायला सोपं वाटतं. पण बंद खोलीत, एकट्याने, हातात भरलेलं पाकीट असताना ते न उघडता खिशात टाकणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्या इमारतीत मिस्त्रींनी ‘निरोपाची’ म्हणून एक ओढली. दुसऱ्या इमारतीतल्या पाकिटाचा निरोप वेगळा घ्यायला हवा होता, म्हणून तिथेही एक. या हिशेबाने बेचाळीस निरोप समारंभ झाले असते. तिसऱ्या इमारतीत मात्र देवच धावून आला. नेमकी लिफ्ट बंद होती. आठ मजले चढून मिस्त्री वर पोचले, खोक्यावर कोसळले, पाकीट हातात घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सिगारेट ओढण्याइतका दमच उरलेला नाही. छातीत हवा घ्यायची की धूर, असा प्रश्न होता आणि छातीने हवेच्या बाजूने कौल दिला. मोटर नीट करून, पाकीट खिशात टाकून मिस्त्री खाली आले.

त्या दिवसापासून त्यांनी नियमच केला. लिफ्ट चालू असो वा बंद, चढायचं पायी. डॉक्टरांनी सांगून जे झालं नसतं ते या आडवळणाने झालं. वेळेचा प्रश्नही आपोआप मिटला. खोक्यावर बसण्याचा वेळ जिन्यावर खर्च होऊ लागला, बस्स. शिवाय लवंग चघळत फिरायचा वेळ वाचला, त्यात ते डबा बसून जेवू लागले. बायकोने डब्यात एक जास्तीचा खण जोडला आणि त्यात फळं चिरून भरू लागली. सुरुवातीला मिस्त्री ती फळं वॉचमन मंडळींना वाटून टाकायचे. पुढे पुढे वॉचमन मंडळींना नुसता वास यायचा.

रहिवाशांना आधी हे कोडंच होतं. चांगली चालू लिफ्ट सोडून लिफ्टचा मिस्त्री जिन्याने जातो म्हटल्यावर तेही जिन्याकडे वळायचे. एका इमारतीत तर बातमी पसरली की दोर तुटायला आलेत, मिस्त्री स्वतःच बसत नाहीत. संध्याकाळपर्यंत साहेबांना अठरा फोन गेले. साहेबांनी मिस्त्रींना फोनवर असं काही फैलावर घेतलं की मिस्त्रींनी, ती तेविसावी इमारत होती, सरळ पॅनेलमागचं पाकीट काढलं आणि लागोपाठ दोन ओढल्या. सहा आठवड्यांनी. दुसरी संपेपर्यंत डोकं गरगरायला लागलं आणि भयंकर लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी ते पाकीट बायकोपुढे ठेवलं. "दोन कमी आहेत," म्हणाले. "लपवणार होतो. नाही लपवलं."

बायकोने फ्रिजवरच्या कागदावर तेविसावी फुली मारली. "बरं," ती म्हणाली. "चोविसावी इमारत किती मजली आहे?" मिस्त्रींना त्या क्षणी ती इतकी आवडली की त्यांनी भांडी घासली.

पाकिटांच्या तऱ्हाही एकेक होत्या. एका ठिकाणी गच्चीतून गळती होऊन पाकिटाचा लगदा झालेला, एका ठिकाणी उंदराने बैठक मारलेली. एकतिसाव्या इमारतीत फटीत हात घातला तर काहीच नाही. खाली आल्यावर वॉचमनला सहज विचारलं, तर तो हात जोडून म्हणाला, "म्हणजे ते तुम्ही होतात होय! चार वर्षं ओढतोय मी. वाटायचं, कुणी पुण्यवान माणूस भरून ठेवतोय." मिस्त्रींनी त्याला तिथेच जिन्यावर बसवलं आणि अर्धा तास आरोग्यावर प्रवचन दिलं. नव्याने सुधारलेल्या माणसासारखा छळवादी दुसरा नाही. वॉचमनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता पाकीट कधी ठेवणार?"

मधे एकदा, अर्ध्या फुल्या झाल्यावर, मिस्त्री उत्साहाच्या भरात बाईंकडे गेले होते. म्हणावं, आता चला खाली. सातव्या मजल्यावर बेल वाजवली, बाईंनी दार उघडलं आणि त्या म्हणाल्या, "पाचव्यावर थांबलात."

"क्षणभरच!"

"प्रगती आहे. पण अजून अभ्यास हवा." चहा मात्र त्यांनी पाजला. त्यांच्या बाल्कनीतून बाग दिसायची. हिरव्या बाकावर दोनच मैत्रिणी बसल्या होत्या, मधली जागा मोकळी ठेवून. बाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि पडदा सारखा केला. मिस्त्रींनी उरलेला चहा तसाच खाली ठेवला. यापुढचा प्रत्येक जिना ते त्या मधल्या जागेसाठी चढले, असं म्हटलं तरी चालेल.

तीन महिने झाले. फ्रिजवर एक्केचाळीस फुल्या झाल्या. उरली फक्त बाईंची इमारत. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या पाकिटाची मिस्त्रींना धास्ती होती. बाकी सगळी त्यांनी उचलली, पण ज्यातल्या दोन त्या वाईट दिवशी ओढल्या ते हे. ‘काहीही झालं तरी आधी ते उचलायचं, मग दुसरं काम,’ असं आदल्या दिवसापासून घोकत ते सकाळी सातला इमारतीत शिरले. आणि बघतात तर तळमजल्यावरच्या पाटीवर लाल आकडा सरकतोय, सात, सहा, आणि पाचवर येऊन थांबला. वरून बाईंचा खणखणीत आवाज आला.

"मिस्त्री! आलात का?"

"बाई? तुम्ही लिफ्टमध्ये?"

"आत बसले आहे आणि थांबवायचं लाल बटण मीच दाबलंय. वॉचमनने सांगितलं तुम्ही आज येणार म्हणून. तोंडी परीक्षेवर माझा विश्वास नाही. या वर."

मिस्त्री जिन्यात मान वर करून ओरडले. "अहो, भीती वाटली तर बटण सोडा हं!"

"भीती तर आत्ताच वाटतेय. सोडणार नाही. घड्याळ लावलंय, बोलण्यात वेळ घालवू नका."

मिस्त्रींनी पिशवीतून पाना काढला आणि जिन्याला लागले. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दारावर पान्याने एकदा ठोकायचे, आपण कुठे आहोत ते बाईंना कळावं म्हणून. टण्. पहिला. टण्. दुसरा. तिसऱ्यावर कठड्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पाचव्यावर ठोकलं तेव्हा आतून आवाज आला, "पुढे!" सहाव्यावर पोटऱ्या भरून आल्या. सातव्यावर श्वास जोरात चालू होता, पण चालू होता, तुटला नव्हता. टण्. आठवा. टण्. नववा. मशीन रूमच्या कुलपात किल्ली पहिल्या फटक्यात गेली.

मेन बंद केला, ब्रेक हळूच सैल केला. आत एकटंच हलकं माणूस असलं की पलीकडचं वजन भारी पडतं आणि लिफ्ट आपणहून वर निघते. मिस्त्री चाक सांभाळत दोरावरच्या रंगाच्या खुणा बघत राहिले. सातव्याची पिवळी खूण जागेवर आली तसा ब्रेक घट्ट केला, मेन पुन्हा चालू केला आणि दोन मजले धावत उतरून दार उघडलं.

बाई उभ्या होत्या. काठी हातात, साडीची घडी मोडलेली नाही. त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"गेल्या वेळी अकरा मिनिटं लागली होती वर पोचायला. आज चार." मग त्या म्हणाल्या, "आणि मधे कुठेही थांबला नाहीत. मी प्रत्येक टण् मोजला."

"पास?" मिस्त्रींनी धापा टाकत विचारलं.

"पहिला वर्ग म्हणणार नाही. पण पास." बाईंचा आवाज जरा कापला. "फार छान चढलात हो."

मिस्त्री कपाळावरचा घाम पुसायला खिशातला रुमाल काढू लागले आणि जागच्या जागी थांबले. खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं. वर दोनदा मेनला हात लावला, दोन्ही वेळा त्या पॅनेलपाशी उभे होते, फट कोपरापासून वीतभर अंतरावर होती. आणि पाकिटाची आठवणसुद्धा झाली नव्हती. आदल्या दिवसापासून घोकलेलं, तीन महिने ज्याची धास्ती घेतलेली, ते पाकीट ते साफ विसरून गेले होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वर एक वस्तू राहिली माझी," मिस्त्री म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. आनंद एवढा झाला होता की हसू की रडू ते कळेना. "विसरलो. बाई, मी चक्क विसरलो!"

"विसरण्यात एवढं आनंदाने सांगण्यासारखं काय आहे?" बाई म्हणाल्या. "जा, घेऊन या. मी काही तुमच्यासाठी थांबायची नाही. मला उशीर झालाय." त्यांनी लाल बटण सोडलं, तळमजल्याचं दाबलं, आणि दार त्यांच्यापुढे बंद झालं.

मिस्त्री तिथेच दाराला कान लावून उभे राहिले. लिफ्ट खाली निघाली. सहावा. पाचवा. तिथे त्यांनी श्वास रोखून धरला, आणि लिफ्ट तशीच पुढे गेली. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. खाली दार उघडल्याचा आवाज आला, मग फरशीवर काठीचा, टक् टक् टक्, बागेच्या दिशेने जाणारा. तो ऐकू येईनासा झाल्यावरच मिस्त्री पाकीट आणायला वर निघाले.